बर्फाखाली गहू आहे हो!

सकाळी चहाचा कप हातात आणि ग्रुपवर रील. कोणाच्या तरी मेहुण्याचं अख्खं कुटुंब जपानला गेलंय. उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, बिएई गावाला. पांढऱ्याशुभ्र उतारावर सहा-सात जण ढोल-ताशाच्या ट्रॅकवर नाचतायत, एक काका तर चक्क लोळतायत. खाली बदाम, टाळ्या, "स्वर्ग!!" वगैरे. मी फक्त एवढंच लिहिलं की हे शेत आहे, यात शिरायचं नसतं. उत्तर आलं, "शेत कुठे दिसतंय ताई, बर्फच तर आहे!"

ग्रुपवर मी भांडत नाही. इथे भांडते, ही भिंत माझी आहे.

त्या रीलमध्ये मागे रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर लाल-पांढरे बाण दिसतात, टोक खाली केलेले. ते शोभेचे नाहीत. डांबर कुठे संपतं हे बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला कळावं म्हणून असतात. बाणापलीकडे कोणाचं तरी रान सुरू होतं. बिएईच्या त्या उतारांवर बटाटा, बीट, गहू अशी पिकं फिरवून घेतात, आणि गहू सप्टेंबरात पेरलेला असतो. तो सगळा हिवाळा बर्फाखाली काढतो. तिथे त्याला बुरशी धरते, म्हणून बर्फ पडायच्या आधी फवारणी करतात. मार्च आला की बर्फावर काळी भुकटी मारतात, म्हणजे उन्हाने बर्फ लवकर वितळतो. एवढं सगळं करून तो हिरवा होतो. आणि आपण त्यावर लोळतो, कारण "दिसत नाही".

आम्ही राहिलो होतो फुरानोला, बिएईच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासावर. वीसेक हजार वस्तीचं गाव. कागदोपत्री शहर, पण संध्याकाळी सात वाजता सामसूम. स्कीइंगचा डोंगर गावाला अगदी खेटून. वर्ल्ड कपच्या शर्यती झालेल्या त्या उतारावर मी सकाळभर पडत होते आणि पाच वर्षांची पोरं माझ्या बाजूने सुळकन जात होती. समुद्रापासून आत असल्यामुळे बर्फ कोरडा पडतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. पहाटे उणे वीसच्या आसपास. पापण्या एकमेकींना चिकटतात, खोटं नाही सांगत.

आमचं लॉज घरगुती. मालक आजोबा सत्तरीचे. हिवाळ्यात लॉज आणि पहाटे तीनला उठून बर्फ काढायचं काम, उन्हाळ्यात कांदा. हो, कांदा! जपानचा निम्म्याहून जास्त कांदा होक्काइडोत होतो आणि फुरानो त्यातलं नावाजलेलं गाव. माझा भाऊ निफाडकडे कांदा करतो हे फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं मात्र, आजोबांनी बूट चढवले आणि मला थेट मागच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये नेलं. बाहेर छातीभर बर्फ, आत हीटर चालू, आणि ओळीने मांडलेले ट्रे. आपण वाफ्यात उळं टाकतो, ते ट्रेच्या चिमुकल्या भोकांत एकेक बी टाकतात. बर्फ गेला की एप्रिल अखेरीपासून यंत्राने लागण, ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. काही ट्रेमध्ये रोप नुकतं उगवलेलं, सुईच्या नाकासारखं वाकलेलं. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने ट्रे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "भाव काय मिळतो त्यांना?" आजोबांना भाषांतर ऐकवलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

हेच आजोबा आम्हाला एक दिवस बिएई दाखवायला घेऊन गेले. वाटेत कामिफुरानो लागतं. 1926 साली तोकाची डोंगराचा स्फोट झाला, बर्फ वितळून चिखलाचा लोंढा खाली आला, 144 माणसं गेली. भातखाचरं गंधकाच्या आंबट गाळाखाली गाडली गेली. लोकांनी ती सोडली नाहीत. दुसरीकडून चांगली माती आणून टाकली आणि पुन्हा भात घेतला. त्या भागात माती ही अशी वाहून आणलेली वस्तू आहे.

तर पुढे एका वळणावर आजोबांनी गाडी थांबवली. शेतात एक कुटुंब, मराठी बोलणारं, बर्फ उडवत होतं. कडेला दोरी, दोरीवर पाटी, पाटीवर चित्रसुद्धा. आजोबा उतरले. ओरडले नाहीत, हॉर्न नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली, म्हणजे तिकडे "नाही, मनाई". तसेच उभे राहिले. आणि आपल्या लोकांनी काय केलं? त्यांना वाटलं ही इथली पोज आहे. सगळ्यांनी हातांची फुली केली आणि फोटो काढला!

मी खाली उतरून मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बाहेर आले, "सॉरी सॉरी, माहीत नव्हतं" म्हणाले. गाडीत बसल्यावर आजोबांनी विषयही काढला नाही, जेवायला कुठे थांबायचं ते विचारलं. (फुरानोत ऑम्लेटखाली भात आणि भोवती करी असा प्रकार मिळतो, वर छोटा झेंडा खोचलेला. करी आपल्याला गोडसर लागते. खा, छान असतं.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, शेतकरी स्वतःही बर्फ तुडवतात. तुडवतात. डोंगरापलीकडे तोकाची नावाचंच मैदान आहे, तिथे ट्रॅक्टरने बर्फ बाजूला करतात, दाबतात, जमीन गोठवतात, मागे राहिलेले बटाटे मरावेत म्हणून. पण ते रान त्यांचं, आणि कोणत्या आठवड्यात काय करायचं ते त्यांना कळतं. तुमच्या काकांना नाही. हिवाळ्यात बुटाला माती नसते? बरं. जुलैत लॅव्हेंडर बघायला येणारेही असेच घुसतात. बटाट्यावरचा सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारा बारीक किडा, 1972 साली होक्काइडोतल्या माक्कारी गावात सापडला, त्याची अंडी मातीत दहा-दहा वर्षं टिकतात आणि बुटाच्या तळव्यावरून पुढच्या रानात जातात. डाळिंबवाल्यांना विचारा सूत्रकृमी म्हणजे काय.

बिएईत एक एकटं पॉप्लरचं झाड होतं, 'तत्त्वज्ञाचं झाड' म्हणायचे. लोक फोटोसाठी शेत तुडवायचे. झाड म्हातारं झालंच होतं, पण 2016 च्या फेब्रुवारीत मालकानेच ते पाडलं, त्यात या लोकांचा वाटा मोठा. 2025 च्या जानेवारीत सुमारे 40 बर्च झाडांची रांग गेली, पिकावर सावली आणि वर फोटोवाल्यांची गर्दी. शेतकऱ्याला झाड पाडावंसं वाटतं, म्हणजे किती वैतागला असेल तो!

पर्यटकांवरही ही गावं जगतात, मान्य. कृत्रिम सुगंध आल्यावर लॅव्हेंडर संपतच आलं होतं, 1976 साली रेल्वेच्या कॅलेंडरवर नाकाफुरानोच्या मळ्याचा फोटो आला आणि लोक यायला लागले म्हणून ते टिकलं. त्यात फुरानो ते शिंतोकु रेल्वेही 2024 च्या मार्चअखेर कायमची बंद झाली. आजोबांच्या लॉजलाही आपल्यासारखीच गिऱ्हाइकं लागतात. म्हणूनच तर ते ओरडत नाहीत ना! आणि त्याचाच आपण फायदा घेतो.

"आपल्याकडे शेतात गेलं तर शेतकरी हुरडा खाऊ घालतो" हेही एकाने ऐकवलंय. घालतो. तुम्ही बांधावरून हाक मारलीत तर. न विचारता हरभरा उपटून गाडीत टाकणाऱ्यांना माझा भाऊ काय घालतो ते त्यालाच विचारा. कासच्या फुलांत लोळणारे तरी कुठले होते, जपानचे?

असो. चिडचिड झाली बरीच, चहाही गार झाला. कोणाला खरंच फुरानोला जायचं असेल तर फेब्रुवारीत जा, बुटाला लावायचे काटे तिथेच दुकानात मिळतात, जाड मोजे इथून न्या. लॉजचं नाव इनबॉक्समध्ये विचारा, कमेंटमध्ये टाकणार नाही. आणि आजोबांना कांद्याचा भाव विचारायला विसरू नका.