उद्या येतंय

आमच्या वाडीत नळ दुरुस्त करणारे मेस्त्री एकच. फोन केला की "उद्या येतंय" म्हणतात. हा उद्या गणपतीआधी सांगितलेला असला तर शिमग्यापर्यंत पुरतो. त्यामुळे दहावी झालेला भाचा "मामा, मी प्लंबर होतलंय" म्हणाला तेव्हा मला झालेला आनंद काही निव्वळ त्याच्या भविष्याचा नव्हता. आमच्या न्हाणीघरातला नळ चार महिने गळत होता. खालची बादली आता घरातलीच झाली होती.

पण शिकायचं कुठे? ताईला मुलगा शनिवार-रविवार तरी घरी हवा होता, भावजींना तो मुंबईला जायला हवा होता. शेजारच्या काकू "जवळच घाला हो" म्हणून कळवळल्या. त्यांचा फ्लश बिघडलाय. सल्ला विचारायला मेस्त्रींकडेच गेलो, ही चूक माझी. त्यांनी पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हुशार दिसता. इंजिनिअर करा तेका."

पहिल्यांदा पाहिली ती खासगी संस्था. तीन महिन्यांत प्लंबर. गार वर्ग, भिंतीवर पडदा आणि पडद्यावर पाइप. खरा पान्हा कुठे दिसेना. माहितीपत्रकावर होता, तोही टाय लावलेल्या माणसाच्या हातात. चहा मात्र चांगला होता.

मग सरकारी आयटीआय. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं, प्लंबरला एकच. वर्कशॉपमध्ये आडोसा नसलेली न्हाणीघरं ओळीने उभी. पोरांनी बेसिन, शॉवर, एल्बो, टी जोडायचं, सरांनी पाणी सोडून बघायचं, की पुन्हा सगळं सोडवायचं. एक पोरगा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला डायने आटे पाडत होता; दुसरा टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळल्याबद्दल बोलणी खात होता. "आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने जीआय गंजतो, हल्ली सगळे सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइपच घालतात," मी शहाणपण केलं. सर म्हणाले, "गंजलेला काढणार कोण?"

माणूस जाणकार दिसला, म्हणून आमच्या पंपाचं गाऱ्हाणं घातलं. मे महिना आला की तो पाणीच ओढत नाही.

"मे महिन्यात पाणी किती खोल जातं?"

"नऊ-साडेनऊ मीटर."

"आणि पंप काठावर?"

"हो."

"अहो, पंप ओढतो असं आपण म्हणतो. पंप पाइपातली हवा काढतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीलाही ती फार तर 10 मीटर ढकलणार, प्रत्यक्षात 7-8. पंप विहिरीत खाली उतरवून बसवा."

दर मे महिन्यात मेस्त्री पंप खोलतात, वॉशर बदलतात, पैसे घेतात, "आता बघा" म्हणतात, आणि पहिला पाऊस झाला की पंप खरंच सुधारतो. इतकी वर्षं मी त्यांना हातगुणाचं श्रेय देत होतो.

शाळा तिथेच ठरली. ऑनलाइन अर्जात विकल्प भरायला आम्ही विहिरीच्या काठावर बसलो, कारण वाडीत रेंज तेवढीच. पहिलाच विकल्प लागला.

गणपतीच्या सुट्टीत भाचा आला. मोदकसुद्धा खाऊ न देता मी त्याला न्हाणीघरात नेलं, बादली बाजूला केली. त्याने नळ दोनदा फिरवला, वाकून खालून बघितलं, मान हलवली आणि हात पुसत म्हणाला,

"मामा, सामान लागतला. उद्या येतंय."