‘रामायणा’तला भरत हलाखीत जगतो, हा मेसेज खोटा आहे

चार दिवसांपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. ‘रामायण’ मालिकेत भरत झालेले संजय जोग काम मिळत नाही म्हणून वर्ध्याकडे शेती करतात, हलाखीत आहेत, मदत पाठवा. सोबत धोतरातल्या एका म्हाताऱ्या बाबांचा फोटो आणि मोबाईल नंबर. काल शेजारचे काका पैसे पाठवून दे म्हणून फोन घेऊन माझ्याकडे आले, म्हणून हे लिहितो.

संजय जोग २७ नोव्हेंबर १९९५ लाच गेले. यकृताचा आजार होता, वय जेमतेम चाळीस. फोटोतले बाबा दुसरेच कोणी आहेत.

शेतीची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. जोग मूळचे नागपूरचे. सुरुवातीचा सिनेमा चालला नाही तेव्हा ते परत आले आणि त्यांनी खरंच शेती केली. पण ते मालिकेच्या कितीतरी आधी! पुढे मराठी, हिंदी, गुजराती सिनेमे झाले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, नंतर ‘लव कुश’मध्येही भरत तेच होते. अशा माणसाला बिनकामाचा म्हणणं मला सहन होत नाही. ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर आम्ही पोत्यांवर बसायचो. पादुका डोक्यावर घेऊन ते निघाले, तेव्हा माझ्या आजीने पदर डोळ्याला लावला होता.

त्या नंबरवर पैसे टाकू नका. कोणी टाकले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.