पेशवाई बुडाली तेव्हा क्विनाइन होतं कुठे?

पावसाळा लागला, डास वाढले की एक मेसेज न चुकता व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. गोषवारा असा: अठराव्या शतकात इंग्रज इथे आले तेव्हा मलेरियाने पटापट मरत होते. मग कंपनीने प्रत्येक गोऱ्याला रोज क्विनाइनचं, म्हणजे मलेरियावरच्या कडू औषधाचं, टॉनिक वॉटर पाजायला सुरुवात केली. ते कडू लागे म्हणून त्यात जिन आली. मलेरिया हरला, इंग्रज टिकले आणि हिंदुस्थान त्यांच्या घशात गेला. तेव्हा आजही थंडीताप आला किंवा पायात गोळे आले तर ग्लासभर टॉनिक वॉटर घ्या, आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

गोष्ट झकास आहे. त्यातला एक धागा खराही आहे, तो पुढे सांगतो. पण बाकीचं सगळं तारखांपुढे टिकत नाही. शिवाय त्या काळी उष्ण मुलुखात आलेल्या माणसांचं आजारपण कसं असायचं, वर्षानुवर्षं कसं चालायचं, हे या गोष्टीमुळे पार झाकून जातं.

दावा पहिला: अठराव्या शतकात कंपनी क्विनाइनचं टॉनिक वॉटर देत होती.

अठराव्या शतकात क्विनाइन नव्हतंच. पेल्तिए आणि कावांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी सिंकोना या झाडाच्या सालीतून ते वेगळं काढलं १८२० साली, पॅरिसमध्ये. आता आपल्या शाळेतल्या सनावळ्या शेजारी मांडा. प्लासी १७५७. बक्सार १७६४. वसईचा तह १८०२. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा क्विनाइन बाटलीत यायला अजून दोन वर्षं होती. शिवाय कंपनीच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई इथलेच होते. त्यांना कोण जिन पाजत होतं?

टॉनिक वॉटरची तर आणखी गंमत आहे. पाण्यात कृत्रिमरीत्या वायू मुरवण्याचा प्रयोग जोसेफ प्रीस्टलीने केला तो १७६७ च्या सुमारास. लंडनच्या इरॅस्मस बाँडने फसफसत्या टॉनिकचं पेटंट घेतलं १८५८ साली, म्हणजे कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्याच वर्षी. देणाऱ्या कंपनीचं राज्यच संपत आलं होतं! ‘जिन अँड टॉनिक’ या जोडीचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ चा आहे, आणि तो कुठल्या इस्पितळातला नाही. घोड्यांच्या शर्यतीचा आहे. शर्यत संपल्यावर साहेबलोक ब्रँडी-सोडा आणि चिरुटांच्या जोडीने त्याची मागणी करताहेत. ताप कुणालाही नाही.

दावा दुसरा: औषध कडू म्हणून त्यात दारू आली.

खरा धागा तो हाच. क्विनाइन नव्हतं, पण सिंकोनाची साल होती. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतून, मुख्यतः आजच्या इक्वादोरमधल्या लोहाच्या परिसरातून ती स्पॅनिश व्यापाऱ्यांमार्फत सतराव्या शतकापासून युरोपात येत होती. जहाजावरच्या सर्जनच्या पेटीत ती असायची. स्कर्व्ही या खलाशांच्या रोगावरच्या प्रयोगामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने १७६८ साली उष्ण प्रदेशांत युरोपीयांना होणाऱ्या रोगांवर पुस्तक लिहिलं. लाकूडपाणी भरायला किनाऱ्यावर उतरणाऱ्या खलाशांना दारूत भिजवलेली साल आधीच द्यावी, असा सल्ला त्याने दिला होता. म्हणजे कडू सालीला मद्याची सोबत जुनीच. फक्त ती जिन नव्हती. जे हाताशी असेल ते: पोर्ट किंवा मदेरा वाइन, रम, आपल्याकडे अराक.

पण ही साल घेणं म्हणजे काय प्रकार होता, ते जवळून बघा. तांबूस-तपकिरी, लाकडाच्या भुशासारखी खरखरीत भुकटी. ताप उतरला की पुढची पाळी यायच्या आत एक औंस, म्हणजे जवळजवळ तीस ग्रॅम पोटात जायला हवी. तीही दर दोन-तीन तासांनी थोडी थोडी, मद्यात कालवून. आधीच मळमळणाऱ्या माणसाच्या पोटात ती राहील कशी? अनेकांना उलटून पडायची. त्यात भेसळ सर्रास. अस्सल साल असली तरी एका झाडाच्या सालीत औषधी अंश भरपूर, दुसरीत नावाला. आणि तो मोजायची सोय १८२० पूर्वी कुणाकडेच नव्हती. एकाचा ताप थांबे, त्याच पिंपातल्या सालीने दुसऱ्याचा थांबत नसे. मग डॉक्टरांचा विश्वास उडाला तर नवल काय?

आणि उडालाच. बहुतेक सर्जन आधी वांती, मग जुलाब, मग शीर उघडून रक्त काढणं असा क्रम लावत आणि ताप उतरून पाळी मोकळी झाली तरच सालीकडे वळत. १८१३ साली जेम्स जॉन्सन या आरमारी डॉक्टरने उष्ण हवामानाच्या परिणामांवर लिहिलेल्या पुस्तकात तर साल बाजूला सारून रक्तमोक्षण आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, यांचीच शिफारस केली. हे पुस्तक पुढे बरीच वर्षं चाललं. थोडक्यात, कंपनीची सत्ता शिखरावर चढत होती त्या दशकांत तिचे डॉक्टर त्यातल्या त्यात कामाचं औषध मागे ठेवून रुग्णाचं रक्त सांडत होते. मेसेजमध्ये हे कधी वाचलंत?

दावा तिसरा: मलेरिया हरला.

इथे जरा थांबावं लागेल, कारण लोक तापाची कल्पना ‘आला, गोळी घेतली, गेला’ अशी करतात. तेव्हा तसं नव्हतं. मलेरियाचा व्हायव्हॅक्स नावाचा प्रकार यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी पुन्हा उठतो. सिंकोना आणि क्विनाइन रक्तातल्या परजीवीला मारतात. यकृतात झोपलेल्याला हातही लावत नाहीत. म्हणून ज्याला साल लागू पडली तोही कायमचा बरा होईलच असं नसे. पाळीचा ताप परत यायचा, पानथरी (प्लीहा) वाढून पोट टणक व्हायचं, रंग पिवळा पडायचा. माणूस मायदेशी पोचला तरी ताप सोबत पोचायचा. त्या काळी इकडे आलेल्या युरोपीयांची प्रवासवर्णनं आणि पत्रं निम्मी आजारपणाने भरलेली आहेत, ती उगाच नाहीत.

मुंबईशी जोडलेलं उदाहरण घ्या. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात एक शास्त्रीय मोहीम पाठवली. भाषापंडित फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ फॉर्स्कोल, मोजणीदार कार्स्टन नीबूर, डॉक्टर क्रेमर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्गग्रेन, अशी सहा माणसं. येमेनच्या सखल किनाऱ्यावर त्यांना थंडीतापाने गाठलं. मे १७६३ मध्ये मोखा बंदरात फॉन हावेन गेला, जुलैत यरीम गावात फॉर्स्कोल. उरलेले चौघे आजारी अवस्थेतच मुंबईच्या जहाजावर चढले. ऑगस्टच्या अखेरीस, लागोपाठच्या दोन दिवसांत, चित्रकार आणि नोकर समुद्रातच वारले. फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत पाचवा गेला, आणि तो कोण? मोहिमेचा डॉक्टर.

नीबूर स्वतः तापाने बेजार होता, पण वाचला. तो वर्षभराहून जास्त मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली आणि पुढे १८१५ पर्यंत जगला. सोबती का गेले याचं त्याने दिलेलं कारण मासलेवाईक आहे: आम्ही उष्ण मुलुखातही युरोपीय पद्धतीनेच खातपीत राहिलो, म्हणून. पुढच्या प्रवासात त्याने राहणी बदलली. हा किस्साही हल्ली ‘साध्या देशी आहाराने वाचला’ अशा थाटात सांगता येईल, पण डास ताट बघून चावत नाही. नीबूर नशीबवान होता, एवढंच.

बरं, रोग एकटा मलेरिया थोडाच होता. कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ ऑक्टोबर १७७० मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोचलं, तेव्हा खलाशांची तब्येत इतकी चांगली की कुकला त्याचा अभिमान होता. दुरुस्तीसाठी अडीच महिने मुक्काम पडला. पहिल्या काही बळींतच जहाजाचा सर्जन मंकहाउस होता. ताहितीहून सोबत आलेला तुपाया तिथेच गेला. मोहिमेतल्या जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने साल घेतली आणि तो सावरला. पण जहाज निघालं ते आव घेऊनच, आणि केप ऑफ गुड होपपर्यंतच्या वाटेत आणखी वीसहून जास्त माणसं गेली. रक्ती आवेवर सिंकोनाची साल असली काय आणि नसली काय, सारखंच.

आवेचा एक प्रकार मागे राहिला की कधी कधी तिचा जंतू यकृतात शिरून गळू करतो. ‘लिव्हरची तक्रार’ हे हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबाचं ठरलेलं दुखणं होतं. संस्कृतपंडित विल्यम जोन्स १७९४ साली कलकत्त्यात गेला तो यकृताच्या सुजेने, वय ४७. यावरचा इलाज पुन्हा पारा. कॅलोमेल देत राहायचं, हिरड्या सुजून तोंडाला लाळेच्या धारा लागेपर्यंत. लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं, अशी समजूत. प्रत्यक्षात ती पाऱ्याची विषबाधा असे. दात हलत, कधी जबड्याचं हाड सडे. क्लाइव्हसारखे बडे लोक पोटदुखीवर अफू घेत आणि बाथच्या गरम झऱ्यांवर जाऊन पडत. मला विचाराल तर या सगळ्यात अफू हाच बरा इलाज. निदान दुखणं तरी थांबायचं.

आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी गोव्याचा माल होता: गोवा स्टोन. सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांनी सुरू केलेले हे कृत्रिम खडे. बेझोआर (प्राण्यांच्या पोटात बनणारा खडा), कस्तुरी, अंबर, मोत्यांचा आणि रत्नांचा चुरा एकत्र मळून केलेला गोळा, वर सोन्याचा मुलामा. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवायचा, चिमूटभर खरवडून पाण्यात किंवा वाइनमध्ये घ्यायचा. विष, ताप, काहीही उतरतं म्हणे. अठराव्या शतकातही युरोपातली श्रीमंत मंडळी यासाठी भरपूर मोजत. उपयोग शून्य, पण पाऱ्याच्या तुलनेत अपायही कमीच म्हणायचा.

दावा चौथा: म्हणून इंग्रज टिकले.

मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं इथल्या गोऱ्यांत म्हटलं जाई, हे जॉन ओव्हिंग्टनने १६९६ च्या पुस्तकात नोंदवलं आहे. ते बोलणं अतिशयोक्त धरलं तरी पुढच्या दीडशे वर्षांत फार काही पालटलं नाही. १८५७ नंतर नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा आधीच्या दशकांतला सरासरी मृत्युदर दर वर्षी हजारी ६९ निघाला. लढाईने नव्हे, बहुतेक ताप, आव, यकृत आणि कॉलऱ्याने. आणि यात क्विनाइन निघाल्यानंतरची वर्षंही आली! त्यानंतर आकडा घसरला तो पाणी, गटारं, बराकी आणि स्वयंपाकघरं सुधारल्यावर. इंग्रज टिकले कारण मेलेल्यांच्या जागी विलायतेतून नवे येत राहिले आणि लढणारे बहुतेक इथले होते.

क्विनाइन स्वस्त व्हायलाही वेळ लागला. सिंकोनाची रोपं निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे आली १८६० नंतर. महाबळेश्वरला लिंगमळ्यालाही लागवड करून पाहिली, ती तगली नाही. बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टात पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली. आणि मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे सिकंदराबादेत रॉनाल्ड रॉसला दिसलं १८९७ मध्ये.

दावा पाचवा: ताप आला तर टॉनिक वॉटर.

इतिहास चुकला तर फारसं बिघडत नाही, पण हा सल्ला जिवाशी येऊ शकतो. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाइन चालतं. मलेरियावर क्विनाइन देतात तेव्हा मोठ्या माणसाचा रोजचा डोस साधारण १८०० मिलिग्रॅम असतो, तोही सात दिवस. भागाकार केला तर दिवसाला वीस लिटरहून जास्त टॉनिक वॉटर होतं. साखरेचा हिशेब करतच नाही. पायातल्या गोळ्यांचं म्हणाल तर त्यासाठी क्विनाइन वापरू नका, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलं आहे. रक्तातल्या प्लेटलेट घसरणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे गंभीर परिणाम दिसलेत.

थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा. मलेरियाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. व्हायव्हॅक्स निघाला तर मलेरियाच्या गोळ्यांसोबत प्रायमाक्विन देतात, साधारण १४ दिवस. यकृतात लपलेला परजीवी त्याने मरतो. जी६पीडी नावाच्या घटकाची कमतरता असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या खणात टाकू नका, ताप तिथूनच परत येतो.