एवढंच? जुनं लाकडी घर?

आज पाहुण्यांना इथलं, अमेरिकेतल्या ओरेगन सिटीतलं, डॉ. मॅक्लॉक्लिन यांचं जुनं घर दाखवायला नेलं होतं. दारातच एक काका म्हणाले, "एवढंच? आपल्याकडे हजार वर्षांची देवळं आहेत!" पाहुणे आहेत म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते.

काका, आमच्या वाईच्या वाड्याचं काय झालं? माजघरात आजी, माडीवर भाडेकरू मास्तर, मागे बाळंतिणीची खोली. चुलत्यांनी विकला, बिल्डरने पाडला. माझ्या बाबांचा जन्म त्या खोलीतला.

डॉ. जॉन मॅक्लॉक्लिन हडसन्स बे या ब्रिटिश कंपनीचे इथले मुख्य अधिकारी. १८४०च्या दशकात दोन हजार मैल गाड्या हाकत, अर्धपोटी आलेल्या अमेरिकन कुटुंबांना त्यांनी धान्य, बियाणं उधारीवर दिलं. कंपनीला ते रुचलं नाही. १८४६मध्ये ते या घरात राहायला आले. आणि त्याच अमेरिकनांच्या पुढाऱ्याने १८५०च्या कायद्यात खास कलम घालून त्यांचा इथल्या जमिनीवरचा हक्क काढून घेतला! ज्यांना जगवलं त्यांनीच! १८५७मध्ये डॉक्टर गेले. हक्क परत मिळाला १८६२मध्ये, वारसांना.

मान्य, ते काही संत नव्हते. कंपनीचा सगळा धंदा मूळनिवाशांच्या भूमीवर चालला होता.

पण डॉक्टरांच्या पत्नी मार्गरिटबाईंचं काय? त्यांची आई मूळनिवासी, वडील फरचे व्यापारी. या घराच्या यजमानीण त्या. पाहुण्यांपैकी एकानेही त्यांच्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही. आमच्या आजीबद्दल तरी कोणी विचारलं? वाडा विकताना चर्चा फक्त चौरस फुटांची.

पुढे या घराचं हॉटेल झालं, बदनामही झालं. १९०९मध्ये कागद गिरणीच्या जागेपायी ते पडणार होतं. गावात विरोधही झाला, पण काही लोकांनी नेट धरला. आख्खं दुमजली घर घोड्याच्या रहाटाने कडा चढवून वर नेलं, डॉक्टरांनीच गावाला दिलेल्या जागेवर. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे.

चुलत्यांचीही अडचण होती, वाटण्या होत्या, छप्पर गळत होतं. हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला खरा. पण एक फोटो काढायला काय लागत होतं?

वाईच्या गणपती आळीतल्या कोणाकडे लग्नामुंजीच्या जुन्या फोटोंत मागे आमचा वाडा दिसत असेल, तर कृपया पाठवा. धूसर असला तरी चालेल.