गॅरी न्यूमनचा पडता काळ नेमका कोणता?

गेले दोन महिने हिंजवडीला जाता-येता मी गाडीत एकच माणूस ऐकतेय. गॅरी न्यूमन, सिंथेसायझरवर गाणी करणारा ब्रिटिश गायक. पहिल्या अल्बमपासून क्रमाने, एकही न गाळता. नवऱ्याने तिसऱ्याच दिवशी ‘हे काय मिक्सर लावल्यासारखं’ म्हणून हात टेकले आणि तो बसने जायला लागला. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

न्यूमनबद्दल कुठेही वाचा, गोष्ट एकच असते. १९७९-८० मध्ये शिखर, मग ऐंशीचं अख्खं दशक खड्ड्यात, मग नव्वदीत बायकोने सावरलं आणि म्हातारपणी पुन्हा मानाचं पान. हिंदी सिनेमाला शोभेल अशी. सगळं क्रमाने ऐकल्यावर माझं मत असं झालंय की ही गोष्ट अर्धीच खरी आहे. खड्डा आहे, पण लोक दाखवतात तिथे तो सुरू होत नाही. आणि शेवटचं शिखरही फोटोत दिसतं तेवढं उंच नाही.

मुळात हा गडी सिंथेसायझरवाला नव्हताच. १९७८ मध्ये ट्यूबवे आर्मी नावाचा त्याचा बँड पंक अल्बम करायला केंब्रिजच्या स्टुडिओत गेला. तिथे आधीच्या कुणाचा तरी एक मिनीमूग सिंथेसायझर पडून होता. याने सहज एक पट्टी दाबली, आणि आधीच्या माणसाने जी सेटिंग ठेवली होती तिच्यामुळे खोली हादरेल असा खर्जातला आवाज आला. गिटारची गाणी तिथल्या तिथे बदलली. कंपनीला पंक हवं होतं, तिला हे पचायला वेळ लागला. पुढच्याच वर्षी ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. पाच मिनिटांहून मोठं गाणं, दोन अर्धवट गाणी जोडून केलेलं, मधेच नुसतं बोलणं, आणि ओळखीची सुरावट म्हणजे पियानोवर चुकून दाबला गेलेला सूर, जो त्याने तसाच ठेवला.

मग ‘कार्स’. लंडनमध्ये रहदारीत भांडण झालं, समोरच्या गाडीतली माणसं याला ओढून बाहेर काढायला आली, याने आतून दारं लॉक केली आणि गाडी फुटपाथवर घालून सुटला. त्यातून हे गाणं. भूमकर चौकात अर्धा तास अडकून ऐकलंत तर जास्त कळतं. पण ‘कार्स’मधली खरी गंमत वेगळीच आहे. त्यात म्हणावं असं ध्रुवपदच नाही. गाणं अर्ध्यावर येण्याआधीच तो गायचा थांबतो, उरलेला वेळ नुसती यंत्रं आणि सेड्रिक शार्पलीचा ड्रम. ज्या अल्बममध्ये हे आहे त्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’मध्ये गिटार औषधालाही नाही.

मला वाटतं सगळं मर्म इथेच आहे. न्यूमनचा आवाज पातळ, नाकातला, पल्ला बेताचा. या आवाजाच्या आजूबाजूला मोकळी जागा ठेवली की तो एकटा, घाबरलेला, थोडा परग्रहावरचा वाटतो आणि अंगावर काटा येतो. जागा भरून टाकली की तो फक्त पातळ वाटतो.

आता आकडे बघा. ‘रेप्लिकाज’पासून (‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ यातलंच) ‘वॉरियर्स’च्या पुढच्या अल्बमपर्यंत ब्रिटनमधले नंबर असे: १, १, १, ३, ८, १२, ४५. सरळ जिन्यावरून घरंगळत आल्यासारखे. यात हात दाखवून अवलक्षणही होतंच. एप्रिल १९८१ मध्ये, वय वर्षं तेवीस, वेम्बली अरीनात तीन रात्री भव्य कार्यक्रम करून याने ‘आता दौरे बंद’ जाहीर केलं. लोकांनी ते मनावर घेतलं. हा मात्र छोटं विमान घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, विशाखापट्टणमला उतरावं लागलं आणि आपल्या लोकांनी हेरगिरीच्या संशयावरून ताब्यात घेतलं! (दुसऱ्या विमानाने प्रदक्षिणा पुरी केली, म्हणजे हौस दांडगी.)

पण त्याच वर्षीचा ‘डान्स’ ऐका हो कुणीतरी. नाव ‘डान्स’ आणि नाचता येईल असं त्यात फारसं काही नाही, हा पहिला विनोद. नऊ-नऊ, दहा-दहा मिनिटांची गाणी, हळू टपटपणारा ठेका, आणि जपान बँडच्या मिक कार्नचा पडदे नसलेला बेस, जो सुरांमधून मींडेसारखा घसरत जातो. मध्यरात्री रिकाम्या स्टेशनवर बसल्यासारखं. ‘क्राय, द क्लॉक सेड’ मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. पुढच्या वर्षीच्या ‘आय, असॅसिन’मध्ये पिनो पॅलाडिनोचा बेस आहे, अल्बम जास्त टणक, पण भट्टी तितकीच जमलेली. लोकांच्या लेखी उतरण इथून सुरू होते. माझ्या लेखी हे दोन त्याचे सर्वांत धीट अल्बम आहेत. लोक गेले हे खरं, पण गाणी घसरली म्हणून गेले नाहीत.

घोडं पेंड खातं ते त्यानंतर. ‘वॉरियर्स’ला बिल नेल्सनला निर्माता म्हणून घेतलं, पटलं नाही. मग जुनी कंपनी सोडून १९८४ मध्ये स्वतःची ‘न्यूमा’ काढली. अल्बम खपेनात, रेडिओ वाजवेना, कर्ज वाढत गेलं. आणि तो जागा भरत सुटला. सॅक्सोफोन आला (वाजवणारा डिक मॉरिसी उत्तमच, पण इथे कशाला?), मागे गाणाऱ्या बायका आल्या, ड्रम मशिनचा धबडगा आला. दर अल्बमला नवा वेश; ‘बर्झर्कर’ला पांढरा चेहरा आणि निळे केस. ‘मेटल रिदम’ मला थोडा आवडतो, बाकी पटपट उरकते. १९९२ चा ‘मशीन अँड सोल’ मात्र सलग ऐकणं ही शिक्षा आहे. अमेरिकन गायक प्रिन्सचं गाणं न्यूमनने का गावं? तो स्वतःही याला आपला सर्वांत वाईट अल्बम मानतो, त्यामुळे मी जास्त मारत नाही. फक्त एवढंच: ज्याच्यामागे सगळे धावले होते तो माणूस इथे सगळ्यांच्या मागे धावताना ऐकू येतो, आणि ते बघवत नाही.

मग १९९४ चा ‘सॅक्रिफाइस’. गेमाने (तिच्याशी लग्न नंतर, १९९७ मध्ये) आधी तुला आवडेल ते कर म्हणून मागे लागून ते करून घेतलं, असं तो सांगतो. जवळजवळ एकट्याने केलेला, काळाकुट्ट, देवाशी भांडणारा अल्बम. जागा परत आली. ‘प्युअर’मध्ये गमावलेल्या बाळाबद्दलची गाणी आहेत, ती गाडी चालवताना ऐकू नका.

आता ज्याने मला शिव्या बसणार तो भाग. ‘जॅग्ड’पासून एड फेंटन निर्माता म्हणून आला आणि तेव्हापासून एक साचा ठरलाय. कुजबुजत कडवं, मग भिंत कोसळल्यासारखं ध्रुवपद, गिटारवर गिटार, वर पौर्वात्य वाटणारी आलापी. ‘स्प्लिंटर’ (२०१३) यातला खरंच भारी आहे, नैराश्यातून आलेला, आणि त्यातल्या ‘लॉस्ट’मध्ये पुन्हा ती मोकळी जागा आहे. पण ‘सॅवेज’ आणि ‘इंट्रूडर’ दोन्ही दुसऱ्या नंबरपर्यंत गेले म्हणून ते ‘डान्स’पेक्षा एक पायरी वर होत नाहीत. एका बैठकीत ऐकलं तर पाचव्या गाण्यानंतर कुठलं कुठलं ते कळेनासं होतं. समीक्षक एकेकाळी याला उगाच झोडपायचे, आता उगाच गोंजारतात. (‘सॅवेज’ला पहिल्या नंबरपासून कोणी अडवलं? फू फायटर्स या बँडने. ज्यांनी याचंच ‘डाउन इन द पार्क’ त्याच्या वीसेक वर्षं आधी गायलं होतं.)

तर माझा क्रम: ‘डान्स’, ‘द प्लेझर प्रिन्सिपल’, ‘रेप्लिकाज’, ‘स्प्लिंटर’, ‘आय, असॅसिन’. ‘टेलिकॉन’ पहिल्या पाचात नाही म्हणून भांडायला येणाऱ्यांचं स्वागत आहे. ‘द फ्युरी’ची बाजू घेणारं कुणी असेल तर त्याने आधी तो परत एकदा सलग ऐकावा, मग यावं. मी उद्या सकाळी पुन्हा ‘रेप्लिकाज’पासून सुरू करणार आहे. नवऱ्याने पास काढलाय.