बाटलीबंद नदी

एम.एस्सी.ला नाव घातलं त्या दिवशी घरी सांगितलं, "दोन वर्षांत ८८ क्रेडिट करायचे आहेत." बाबा ओसरीत डवऱ्याची पास घासत होते. हात थांबला. "कोन्त्या सोसायटीचे?"

त्यांचं चुकलं नाही. आमच्याकडे क्रेडिट हा शब्द सोसायटीशिवाय एकटा फिरत नाही. तालुक्याच्या ज्या सोसायटीत आईचे भिशीचे पैसे अडकले, तिच्या शटरशेजारी आता पिंपळ उगवला आहे. मी समजावलं, "कर्ज नाही बाबा. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास वर्गात बसायचं. प्रात्यक्षिकाचं असेल तर तीस तास."

"म्हंजे बसून फेडाचं. अन् व्याज?"

"हजेरी पंचाहत्तर टक्के."

"हे तं सावकारापेक्षा जास्त झालं," असं म्हणून त्यांनी पुन्हा पास हातात घेतली.

विषय पर्यावरणशास्त्र आणि धोरण. यातलं शास्त्र कॉलेजात शिकवतात आणि धोरण आमच्या वावरात रात्री फिरतं. कायद्याचा पेपर मी हरभऱ्याच्या जागलीवर बसून पाठ केला. वन्यजीव १९७२, पाणी १९७४, वनसंवर्धन १९८०, हवा १९८१, भोपाळ झाल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. एका हातात नोट्स आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. १९७२ पाशी आलो की बरोबर डुकरांचा कळप धुऱ्यावर यायचा. त्यांना कायद्यात अनुसूची आहे, हरभऱ्याला नाही. डबा वाजवून त्यांना पळवायचं आणि पुन्हा त्यांच्याच संरक्षणाची कलमं म्हणायची, अशी माझी संशोधन पद्धती. वैकल्पिक विषय कागदावर चार होते. शिकवायला सर एकच, त्यामुळे त्यांना जो येतो तो माझ्या आवडीचा निघाला.

हे सगळं निभलं. घात केला तो बीओडीनं.

पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात, त्याचा हिशेब म्हणजे बीओडी. नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. एकीतला ऑक्सिजन आजच मोजायचा. दुसरी अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि मग मोजायची. वजाबाकी केली की उत्तर. आता नवतपा सुरू असताना वर्धा जिल्ह्यात २७ अंश कुठं सापडणार? पहाटे चारला अंगणात बाजेवर झोपलो तरी सापडत नाही. ते फक्त कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये असतं, तेही लाइन असेल तोवर. सर घामानं भिजलेले, शिपाई ओला दुपट्टा डोक्यावर घेतलेला आणि बाटली मात्र थंड हवेच्या ठिकाणी.

नमुना धाम नदीचा घेतला. आज मोजायच्या बाटलीतला ऑक्सिजन नदीवरच बांधून टाकावा लागतो. त्यात मँगनीज सल्फेट घातलं, अल्कधर्मी आयोडाइड घातलं, की तपकिरी साका बसतो. वरून थोडं सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की साका विरघळतो आणि पाण्याला असा काही सोनेरी रंग चढतो की काय सांगू. तो रंग आयोडीनचा. जेवढा ऑक्सिजन तेवढं आयोडीन, म्हणून मोजायचं ते आयोडीनच. मला तो रंग शास्त्रीयच वाटला होता. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फाट्यावर जमादारांनी काळीपिवळी थांबवली. थर्माकोलचा डबा उघडला आणि त्यांचा चेहरा फुलला. काचेची बुचं लावलेल्या दोन बाटल्या. एक सोनेरी, एक पाण्यासारखी.

"एक इंग्लिश अन् एक गावठी! दोनी ठेवतं काय बे?"

"साहेब, ही धाम नदी आहे."

"अन् हे?"

"हीसुद्धा धाम नदीच. हिच्यातला ऑक्सिजन बांधला आहे."

जमादारांनी सोनेरी बाटलीचं बूच काढलं, हुंगलं आणि नाक आक्रसून शिपायाकडे दिली. शिपायानं हुंगून काळीपिवळीच्या ड्रायव्हरला दिली. तिघांचं एकमत होईना. एकाला टिंक्चरचा वास येत होता, एकाला मोहाचा. भर उन्हात बाटली उघडी, माझं आयोडीन उडून चाललेलं आणि मी ओरडतोय, "बूच लावा हो! नदीचा ऑक्सिजन कमी होतोय!" या वाक्यानं माझी बाजू आणखीच लंगडी झाली.

शेवटी टपरीवरची पोह्यांची प्लेट दिसली. जमादारांचीच, अर्धी खाल्लेली, तर्री अजून घातलेली नव्हती. म्हटलं, "साहेब, दारू असेल तर पोह्यांचा रंग बदलणार नाही. हे आयोडीन असेल तर पोहे निळे होतील." त्यांनी परवानगी दिली की नाही, आता आठवत नाही. मी चार थेंब टाकले. पिवळ्या पोह्यांवर काळपट निळे डाग उमटले, वरच्या सांबारासकट, म्हणजे कोथिंबिरीसकट.

सगळे गप्प. टपरीवाली मावशी तेवढी म्हणाली, "बाप्पा! काय पाजत होता रे साहेबाले?"

मी सुटलो. दुसऱ्या प्लेटचे पैसे मीच दिले. बाटलीतले थोडे थेंब गेले त्याचं दुःख नव्हतं, ३०० मिलीतलं मोजायला दोनशेच लागतं. दुःख उडून गेलेल्याचं. पण ते जर्नलमध्ये कोणत्या रकान्यात लिहायचं?

तीन दिवसांनी दुसरी बाटली मोजली. पहिल्या दिवशीचा ऑक्सिजन लिटरला ५.१ मिलिग्रॅम, तीन दिवसांनंतरचा ५.९. सरांनी चष्मा पुसून वजाबाकी दोनदा केली.

"म्हणजे बंद बाटलीत, अंधारात, नदीनं स्वतःच ऑक्सिजन तयार केला?"

"सर, वाटेत जमादार..."

"जर्नलमध्ये जमादार चालत नाही. पुन्हा कर."

घरी आलो तर बाबा ओसरीतच. विचारलं, "झाले काय रे तुहे क्रेडिट?"

"नाही. बीओडी ऋण आला."

"आलं ना शेवटी रीन?" त्यांनी आईकडे पाहिलं. "म्या पयल्या दिवशीच म्हनलं होतं." मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "किती हाय?"

"शून्य पॉइंट आठ."

"एवढंच?" बाबांनी सुस्कारा सोडला. "सोयाबीन निघू दे, फेडून टाकू."