सौ. हेन्री वूड यांचं मौन

कादंबऱ्यांवर लेखिकेचं नाव छापलं जायचं 'मिसेस हेन्री वूड'. बाईचं स्वतःचं नाव एलेन. पूर्वी मला याची चीड यायची. आता वाटतं, बाई पक्की व्यवहारी होती. व्हिक्टोरियन इंग्लंडात घरातून पळून गेलेल्या बायकांच्या गोष्टी विकायच्या, तर नावावर नवऱ्याचा शिक्का असलेला बरा. (आपल्या भाषेत, ठसठशीत कुंकू.)

त्यांची गाजलेली कादंबरी 'ईस्ट लिन' १८६१ची. नवरा-मुलं सोडून गेलेली इझाबेल अपघातात चेहरा विद्रूप झाल्यावर आपल्याच घरात गव्हर्नेस, म्हणजे मुलांची शिक्षिका, बनून परतते, आणि तिचा मुलगा तिला न ओळखताच तिच्यासमोर मरतो. रडारड भरपूर आहे, मान्य. पण खाली ठेवून दाखवा!

खरी गंमत पुढे आहे. १८६६ मध्ये नवरा वारला आणि पुढच्याच वर्षी बाईंनी 'आर्गसी' मासिक विकत घेतलं. पाठीच्या दुखण्यामुळे आरामखुर्चीत रेलून, गुडघ्यावर कागद धरून लिहिणारी ही बाई मालकीणही झाली आणि संपादकही. मग 'आर्गसी'त जॉनी लडलो नावाच्या पोराने सांगितलेल्या गोष्टी निनावी येऊ लागल्या. मिसेस वूडना नाकं मुरडणाऱ्या समीक्षक मंडळींना त्या आवडल्या. लेखिका अर्थात वूडबाईच! आणि त्या कित्येक वर्षं गप्प राहिल्या. हे गप्प राहणं मला त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांपेक्षा आवडतं.

त्याच काळातली दुसरी सनसनाटी कादंबरीकार मेरी एलिझाबेथ ब्रॅडन गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. १८६६ पासून दहा वर्षं 'बेलग्रेव्हिया' मासिकाचं संपादन तिच्या हातात होतं, किंमत एक शिलिंग. प्रकाशक जॉन मॅक्सवेल तिचा जोडीदार, पण त्याची पहिली बायको हयात, त्यामुळे लग्न झालं थेट १८७४ मध्ये. सप्टेंबर १८६७ मध्ये 'ब्लॅकवुड्स' या ब्लॅकवुड कुटुंबाच्या मासिकात अशा सनसनाटी कादंबऱ्यांवर सडकून टीका आली. ब्रॅडनने नोव्हेंबरच्या 'बेलग्रेव्हिया'त पत्रकार जॉर्ज ऑगस्टस सालाकडून त्या टीकेचा खरपूस समाचार घेतला. शिव्या खाणाऱ्या किती लेखिकांकडे उत्तर छापायला स्वतःचं पान होतं?

आणि ती निनावी टीका कोणाची? लेखिका मार्गारेट ऑलिफंटची. तीही बाईच, विधवा, लिखाणावर मुलं पोसणारी. तिचा मला राग येत नाही. चाळीसेक वर्षं ती 'ब्लॅकवुड्स'साठी राबली, मासिक मात्र शेवटपर्यंत ब्लॅकवुडांचंच राहिलं.